रोमन नाणं ओळखायचं तर ओसीआरई: सोलापुरातून एक अभिप्राय

जुनं रोमन नाणं ओळखायला आज एक रुपयाही लागत नाही. सोलापुरात घरी बसून, साध्या मोबाइलवर, रात्रीची भांडी आवरून झाल्यावर हे काम करता येतं. इंटरनेटवरच्या ज्या सेवेच्या जोरावर मी हे म्हणते तिचं पूर्ण नाव ‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’. नाणी जमवणारे तिला ओसीआरई म्हणतात. मराठीत तिच्याबद्दल लिहिलेलं मला कुठे वाचायला मिळालं नाही, आणि आपल्याकडे जुन्या नाण्यांच्या नावाखाली काय काय विकलं जातं ते बघता कुणीतरी लिहायला हवं होतं. म्हणून हा अभिप्राय.

न्यूयॉर्कची अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी ही १८५८ सालची संस्था. तिने आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्राचीन जगाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने मिळून २०१२ मध्ये ही सेवा सुरू केली. इसवी सनपूर्व ३१ पासून, म्हणजे ऑगस्टसपासून, ते इसवी सन ४९१ मध्ये झेनो सम्राट वारला तिथपर्यंत रोमन साम्राज्याने पाडलेल्या नाण्यांचे जेवढे प्रकार छापून प्रसिद्ध झालेत ते सगळे इथे मांडलेत. प्रकार ४० हजारांहून जास्त आहेत. याचा पाया म्हणजे ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ ही दहा खंडांची इंग्रजी सूची. ते खंड विकत घ्यायला निघालात तर एकेक खंड हजारो रुपयांचा, आणि सोलापुरातल्या कुठल्या वाचनालयात तो मला बघायला मिळाला नाही. त्या सूचीतले क्रमांक, वर्णनं आणि त्याच्यासोबत जगभरच्या संग्रहालयांतल्या खऱ्या नाण्यांचे फोटो असं सगळं इथे उघडं ठेवलंय. नावनोंदणी नाही, जाहिरात नाही, वर्गणी नाही.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनचं काम बघते. जकार्डवर फूल कसं उतरेल, काठात किती तार जातील, इंचात किती पिक, म्हणजे आडवे धागे, बसलेत, हे माझं रोजचं. त्यामुळे पिक ग्लास कायम पर्समध्ये असते. कापडाचे धागे मोजायची ही घडीची भिंगाची चौकट नाण्यालाही फार उपयोगी पडते. तिच्या कडेवर इंचाच्या खुणा असतात, त्यामुळे अक्षरंही मोठी दिसतात आणि नाण्याचा व्यासही तिथल्या तिथे कळतो. नवं भिंग घ्यायच्या आधी आपल्या सोलापूरकरांनी घरातली पिक ग्लास शोधावी.

रोमन नाण्यांकडे मी वळले तीही कापडामुळेच. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवलीय, ‘पेरिप्लस’ म्हणून ती ओळखली जाते. त्याचं नाव कुणाला माहीत नाही. तो लिहितो की गुजरातच्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून साधं कापड पुष्कळ येतं, तलम मलमल येते, आणि हा माल गाड्यांवर लादून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला नेतात. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. सोलापुरातून दोनेक तासांचा रस्ता. तोच माणूस पुढे सांगतो की रोमन सोन्याचांदीची नाणी भडोचला आणली की तिथल्या चलनाशी बदलताना नफा होतो. माझ्या धंद्यातल्या बाईला यापेक्षा जास्त काय हवं? आपल्या भागातल्या विणकराने विणलेल्या कापडाच्या बदल्यात जी चांदी आली ती दिसायला कशी होती, हे मला बघायचं होतं.

माझ्याकडे रोमन सम्राट टायबेरियसचा एक चांदीचा दिनार आहे. पुण्यातल्या नाणे-प्रदर्शनात परवानाधारक विक्रेत्याकडून पावतीवर घेतलेला. ओसीआरई कसं चालतं ते याच नाण्यावरून सांगते, कारण भारतात सापडलेल्या चांदीच्या रोमन नाण्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस या दोघांचीच नाणी सगळ्यात जास्त आहेत. तेलंगणातल्या अक्कनपल्लेला एका ठिकाणी दीड हजारांवर रोमन चांदीची नाणी निघाली, त्यातही हीच दोन नावं पुढे.

नाणं आकाराने जुन्या ब्रिटिश पावलीएवढं, साधारण १८-१९ मिलिमीटर. पण हातात घेतलं की फरक कळतो. पावली २.९२ ग्रॅमची, पातळ, कड एकसारखी. दिनार जाड, कड कुठे फाकलेली, आणि वजन चार ग्रॅमच्या जरा खाली. एका बाजूला उजवीकडे बघणारा चेहरा, डोक्यावर पानांचं वेष्टन. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई, एका हातात लांब दंड, दुसऱ्या हातात डहाळी. त्या बाजूची अक्षरं नीट वाचता येतात: पॉन्टिफ मॅक्सिम, म्हणजे मुख्य पुरोहित.

आता शोध. डावीकडे गाळण्या, म्हणजे फिल्टर, आहेत. धातू, मूल्य, टाकसाळ, कुणाच्या नावाने पाडलं, चेहरा कुणाचा, मागे कुठली देवता, अशा. मी धातूत चांदी निवडली, मूल्यात दिनार निवडला आणि मागच्या बाजूच्या अक्षरांच्या रकान्यात वाचता आलेली अक्षरं घातली. हजारो प्रकारांची यादी गळून मोजकी नावं उरली. टायबेरियसवर बोट ठेवलं की सगळं पुढ्यात: गॉलमधली लुग्दुनम टाकसाळ, म्हणजे आजच्या फ्रान्समधलं लिऑन, काळ टायबेरियसच्या राज्याचा, इसवी सन १४ ते ३७. पुढच्या बाजूची पूर्ण अक्षरंही तिथे लिहिलेली असतात, त्यामुळे झिजलेल्या जागी काय होतं ते समजतं. सीझर टायबेरियस, दैवी ऑगस्टसचा मुलगा, ऑगस्टस. एवढी मोठी पदवी तेवढ्याशा जागेत बसवलीय.

खरी मजा त्याच्या पुढची. हा एकच प्रकार वाटतो, पण सूचीत त्याचे वेगवेगळे क्रमांक आहेत, आणि क्रमांक ठरतो तो बाईच्या खुर्चीच्या पायांवरून. पाय साधे की नक्षीचे, हे बघायचं. पिक ग्लास लावून मी ते पाय बघितले, नक्षी होती, आणि नाण्याचा पक्का क्रमांक हाती आला. ज्यांना धाग्यात फरक दिसतो त्यांना खुर्चीच्या पायात फरक दिसणारच. आमच्या कारखान्यातल्या पोरींना नुसता फोटो दाखवून मी विचारलं, तर एकीने क्षणात सांगितलं, “मॅडम, ह्याच्या खुर्चीला मणी हायत, त्याच्या खुर्चीला नाहीत.” लॅटिनचं एक अक्षर न येता तिने बरोबर ओळखलं.

प्रत्येक प्रकाराच्या पानावर खाली संग्रहालयांतली खरी नाणी दिसतात. ब्रिटिश म्युझियम, बर्लिनचा नाणेसंग्रह, खुद्द न्यूयॉर्कच्या सोसायटीची तिजोरी. फोटोसोबत वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंची दिशा एकमेकींशी कशी आहे तेही दिलेलं. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. पुस्तकातलं वर्णन एक असतं, पण एकाच प्रकारची डझनभर नाणी शेजारी ठेवली की हाताने घाव घालून पाडलेल्या नाण्यात किती फरक पडतो ते डोळ्यात बसतं. कुणाचं नाक अर्धं बाहेर गेलंय, कुठे अक्षरं कडेवरून सांडलीत. वजनांची सरासरीही काढून बघता येते. आपलं नाणं त्या पट्ट्यात बसतं का, हा पहिला प्रश्न इथे सुटतो.

वजनावर आणखी एक गोष्ट उलगडते. नीरो सम्राटाने इसवी सन ६४ च्या सुमाराला चांदीचं नाणं हलकं केलं. आधी एका रोमन पौंडात ८४ दिनार पाडत, मग ९६ पाडू लागले, आणि चांदीचा कसही उतरवला. एका दिनाराचं वजन साधारण ३.९ ग्रॅमवरून ३.४ वर आलं. भारतातल्या चांदीच्या साठ्यांत त्याच्या आधीची जड नाणीच भरून आहेत. आपल्या व्यापाऱ्यांनी नवं हलकं नाणं नाकारलं आणि जुनं मागितलं, असा याचा अर्थ अभ्यासक लावतात आणि मला तो पटतो. सूत हलकं आलं तर आमचे शेठ गाडी परत पाठवतात, मग भडोचचा सावकार का नाही पाठवणार? तिकडे रोममध्ये थोरला प्लिनी हा लेखक तक्रार लिहीत होता की भारत दरवर्षी साम्राज्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. चार सेस्टर्सचा एक दिनार. हिशेब तुम्हीच करा.

नकाशा हे आणखी एक आवडलेलं अंग. प्रकाराच्या पानावर टाकसाळ कुठे आणि तो प्रकार जमिनीतून कुठे कुठे निघाला त्याचे ठिपके दिसतात. ऑक्सफर्डने रोमन नाणेसाठ्यांची जी मोठी नोंद केलीय तीही याला जोडलेली आहे. फ्रान्समध्ये पाडलेलं नाणं इंग्लंडच्या शेतात, तेच इकडे दख्खनमध्ये, हे नकाशावर बघताना माझं काम बराच वेळ थांबलं होतं. नवख्या माणसाने हरवून जायचं नसेल तर नाणं ओळखण्यासाठी केलेलं वेगळं पान आधी उघडावं. तिथे सम्राटांचे चेहरे दिसतात, त्यावरून सुरुवात करता येते.

चौथ्या शतकातल्या तांब्याच्या बारीक नाण्यांसाठीही हे तितकंच चांगलं. ही नाणी स्वस्त असतात, करूर-मदुरैकडे नदीच्या वाळूतूनही निघालीत, आणि झिजलेली असल्यामुळे लोक त्यांना टाकाऊ समजतात. तसं समजू नका. मागे दोन सैनिक आणि मधे ध्वज एवढं दिसलं तरी पुरेसं आहे. ध्वज दोन असतील तर नाणं आधीचं, एकच असेल तर साधारण ३३५ नंतरचं. तळाशी टाकसाळीची अक्षरं असतात, अंतिओक, अलेक्झांड्रिया, त्रिअर, कुठली ती. दोन-तीन अक्षरं वाचली की शहर मिळतं.

काही बारकावे शोधताना माहीत असलेले बरे. रोमन लोक यू लिहीत नाहीत, तिथे व्ही येतो. ऑगस्टस शोधताना यू घातला तर हाती काही लागत नाही. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, आणि अक्षरांची ओळ चेहऱ्याच्या डोक्याने मधेच तुटलेली असते. टी, आर, पी आणि पुढे आकडा दिसला तर सोन्याहून पिवळं, कारण ही अक्षरं सम्राटाच्या ट्रिब्यून या पदाच्या अधिकाराची, तो दरवर्षी नव्याने मिळायचा आणि आकड्यावरून नाण्याचं साल लागतं. डी आणि एन ही अक्षरं सुरुवातीला असतील तर नाणं बहुतेक उशिराच्या सम्राटाचं.

ग्रीक आणि इतर नाण्यांसाठी हीच सोसायटी वेगळी दालनं चालवते. सिकंदराच्या नावाने पाडलेल्या नाण्यांचं दालन पेला, सेल्युकसच्या वंशाचं वेगळं, इजिप्तच्या टॉलेमींचं वेगळं, रोमन प्रजासत्ताकाचं सीआरआरओ. सगळ्यांची वापरायची तऱ्हा एकच, एक शिकलं की सगळी आली. यातल्या पेलाचा उपयोग मला थेट गड्ड्यावर झाला.

सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर पितळी भांडी, जुनी कुलुपं आणि नाणी मांडून एकजण बसला होता. व्हिक्टोरियाचे रुपये, निजामाचे चारमिनारवाले, आणि कापसात गुंडाळून ठेवलेलं एक वेगळं.

“अक्का, हे बगा, सिकंदरचं हाय. बार्शीकडं शेतात घावलंय. पाच हजाराला देतो.”

सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला ग्रीक वीर हेराक्लिस पुढे, सिंहासनावर बसून हातावर गरुड घेतलेला देव झ्यूस मागे. लोक या हेराक्लिसच्या चेहऱ्यालाच सिकंदर म्हणतात. मी पर्समधला छोटा काटा काढला. नऊ ग्रॅमच्या आसपास. पेलावर बघितलं तर या चित्राचं मोठं नाणं, चार द्राख्माचं (द्राख्मा हे ग्रीकांचं चांदीचं नाणं), सतरा ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि एका द्राख्माचं सव्वाचारच्या. नऊ ग्रॅम यातल्या कशातच बसत नाही. पिक ग्लासखाली कडेला गोल फिरलेली बारीक शिवण दिसली, साच्याचे दोन भाग जुळवून ओतल्यावर राहते तशी. खरं नाणं ओतलेलं नसतं, दोन ठशांत धरून हातोड्याने पाडलेलं असतं. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डेही होते, ओतताना हवेचे बुडबुडे राहिले की होतात ते.

“अण्णा, शेतात सापडलं असलं तर सरकारला कळवायला लागतं,” मी म्हटलं. “१८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन मिळालं तर कलेक्टरला लेखी द्यायचं.”

“ऱ्हाऊ द्या मग अक्का, तुमी व्हिक्टोरिया घ्या,” म्हणून त्याने ते पुन्हा कापसात गुंडाळलं.

इथे ओसीआरई आणि पेलाची मर्यादाही स्पष्ट सांगते. नाणं खरं की खोटं हे या सेवा सांगत नाहीत. चांगल्या नकलेवर चित्र खऱ्याचंच असतं, त्यामुळे शोध घेतला की प्रकार तंतोतंत जुळतो आणि माणूस खूश होतो. जुळलेला प्रकार हा खरेपणाचा दाखला नाही. वजन, कड, पृष्ठभाग आणि विक्रेत्याची पावती, हे चार आपण स्वतः बघायचे. चांदीची शंका असेल तर पाण्यात वजन करून घनता काढावी. शुद्ध चांदीची साडेदहाच्या आसपास येते. मंगळवार पेठेतले ओळखीचे सराफकाका मला हे हौसेने करून देतात. नाणं मात्र चिंचेने, लिंबाने किंवा पितांबरीने घासू नये. दोन हजार वर्षांचा थर एका मिनिटात जातो आणि त्याच्यासोबत अक्षरंही.

फोटो काढा आणि नाव मिळवा, असं सांगणारी ॲपही पुष्कळ आहेत. माझा पुतण्या एक घेऊन आला होता. त्याने टायबेरियसला एकदा सीझर म्हटलं, दुसऱ्यांदा अलेक्झांडर, आणि दोन्ही वेळा किंमत डॉलरमध्ये सांगितली. ओसीआरई किंमत सांगतच नाही, आणि मला ते फार योग्य वाटतं. ज्याला आधी किंमत विचारावीशी वाटते त्याचं नाणं बघून होत नाही.

आपल्या दृष्टीने सगळ्यात जवळचं दालन म्हणजे याच सोसायटीचं ‘बिगर’ नावाचं, बाख्त्रिया (आजच्या अफगाणिस्तानाकडचा मुलूख) आणि इंडो-ग्रीक राजांचं. पेरिप्लस लिहिणारा सांगतो की त्याच्या काळात भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनांडर यांचे जुने द्राख्मा अजून फिरत होते, ग्रीक अक्षरं असलेले. तेव्हा हे राजे जाऊन शतकं लोटली होती. बिगरमध्ये मिनांडरचा चांदीचा द्राख्मा उघडा. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी, आणि खरोष्ठीत काय लिहिलंय? महरजस त्रतरस मेनंद्रस. हे वाचून समजायला मराठी माणसाला कोश उघडावा लागत नाही. वजन साधारण अडीच ग्रॅम, ग्रीक मापापेक्षा हलकं, इथल्या मापाला धरून. परक्या राजालाही इथल्या बाजाराचं वजन मानावं लागलं.

आता जिथे ही सेवा संपते ते. ओसीआरई ४९१ ला थांबतं, म्हणजे बायझंटाइन, पुढच्या काळातल्या पूर्व रोमन साम्राज्याची, नाणी यात नाहीत. ४९१ मध्ये अनास्तासियस गादीवर आला आणि ४९८ मध्ये त्याने तांब्याची नाणी सुधारली. तेव्हापासून नाण्याच्या मागे मोठं एम अक्षर येतं, ते ग्रीक आकड्यांत चाळीस, म्हणजे चाळीस नुम्मींचं नाणं (नुम्मी हे सगळ्यात लहान तांब्याचं नाणं). के असेल तर वीस, आय असेल तर दहा, ई असेल तर पाच. जस्टिनियनने ५३८-३९ पासून त्याच्या राज्याचं वर्षही घालायला सुरुवात केली. माझ्याकडचं जस्टिनियनचं नाणं जवळजवळ चार सेंटिमीटरचं, तळहातावर ठेवलं की भार जाणवतो. एमच्या डावीकडे अन्नो (म्हणजे वर्ष), उजवीकडे तेराचा रोमन आकडा, खाली कॉन. तेरावं वर्ष म्हणजे ५३९-४०, आणि टाकसाळ कॉन्स्टँटिनोपल. एमच्या पायांमधलं अक्षर टाकसाळीतलं खातं सांगतं. इतकं सगळं नाणंच सांगत असल्यावर सूचीची गरज फारशी उरत नाही. तरी ताडून बघायचं असेल तर वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स संस्थेने तिचा बायझंटाइन संग्रह पुष्कळसा उघडा केलाय, तो बघावा. रोमन काळातली शिशाची टोकनं, मेजवानीची, धान्याची, खेळाची, तीही ओसीआरईच्या सूचीत येत नाहीत, कारण ती नाणी नव्हेत.

आपल्याला जास्त खटकेल अशी पोकळी दुसरी आहे. रोमन नाण्याच्या भारतात केलेल्या नकला ओसीआरईत शोधता येत नाहीत. अक्षरं नुसती नक्षीसारखी उतरवलेली असतात, वाचायला गेलं तर अर्थ लागत नाही, त्यामुळे शोधही लागत नाही. आणि आपल्याकडच्या गोष्टीतला अर्धा जीव या नकलांत आहे. तेरला रोमन नाण्याच्या छापाची मातीची पदकं मिळालीत, गळ्यात घालायची. ज्याला सोन्याचं परवडत नव्हतं त्याने मातीचं घातलं. दक्षिणेत मिळालेल्या सोन्याच्या अनेक रोमन नाण्यांना चेहऱ्याच्या वर दोन भोकं आहेत, तीही ओवायलाच. तमिळनाडूत पुदुकोट्टईला १८९८ मध्ये मिळालेल्या सोन्याच्या नाण्यांवर तर सम्राटाच्या चेहऱ्यावर आडवा घाव घातलेला आहे, नाणं म्हणून ते पुन्हा चालू नये म्हणून असावा.

हे वाचताना मला आमच्या आत्यांची पुतळ्यांची माळ आठवते. पुतळीवर दोन माणसं दिसतात, आत्या त्यांना रामसीता म्हणायच्या. मुळात ते व्हेनिसच्या सोन्याच्या डुकॅटचं चित्र, १२८४ पासून पाडलेलं, साडेतीन ग्रॅमचं. संत मार्कच्या पुढे गुडघे टेकून बसलेला व्हेनिसचा प्रमुख. बाहेरच्या नाण्याची इथे नक्कल व्हावी, ते गळ्यात यावं आणि त्याच्यावर आपला देव बसावा, हे तेरच्या मातीच्या पदकापासून आत्यांच्या माळेपर्यंत एकसलग चालत आलंय. व्हेनिससाठी किंवा या पुतळ्यांसाठी ओसीआरई उपयोगाचं नाही, पण त्याची सवय लागल्यावर मी ती माळ नीट बघितली. तोवर कुणी भिंग लावून बघितली नव्हती.

क्षत्रप नहपानाची चांदीची नाणीही या दालनांत सापडणार नाहीत. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये अशी १३ हजारांहून जास्त नाणी निघाली आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला होता. खाली नहपानाचा चेहरा आणि कडेला ग्रीक अक्षरं, वर सातवाहनांचं टेकडीचं चिन्ह. ग्रीक अक्षरं असलेलं, नाशकात सापडलेलं, मराठी मुलखाचं नाणं. यासाठी नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेकडेच जावं लागतं, आणि जायलाच हवं.

भाषेचा अडसर आहे. पानं इंग्रजीत, काही युरोपीय भाषांतही, पण मराठीत नाहीत. वर्णनातले शब्द मात्र ठरावीक आहेत: डावीकडे, उजवीकडे, बसलेली, उभी, पानांचं वेष्टन, दंड, ढाल, पंख असलेली विजयदेवता. पन्नासेक शब्द वहीत उतरवले की काम भागतं. मी ते उतरवून कारखान्यातल्या पोरींना दिलेत. माहिती वापरायला आणि पुढे द्यायला मोकळी ठेवलेली असल्यामुळे यात कुणाची परवानगीही लागत नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी कायद्याचं एवढंच. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू आहे, ती देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. परवाना विचारल्यावर चेहरा बदलणाऱ्याकडून घेऊ नका.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण भारतीय नकलांसाठी राखून ठेवलाय. ज्यांच्याकडे एकही रोमन नाणं नाही त्यांनीही वापरावं, कारण पुस्तकातले फोटो आणि संग्रहालयातली काचेमागची नाणी ओळखायलाही हेच कामाला येतं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाल तेव्हा मोबाइलमध्ये टायबेरियसचं पान उघडं ठेवा. हस्तिदंताची ती छोटी स्त्रीमूर्तीही बघा. तिच्यासारखीच एक १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईला निघाली. आणि मातीची पदकं कुठल्या कपाटात आहेत ते तिथल्या माणसाला विचारा. ती आकाराने लहान आहेत, आपण होऊन नजरेला पडत नाहीत.